बोअरचं पाणी, आरओ प्लांट आणि स्केल: शेवटचा मेम्ब्रेनच आधी का जातो?

काळापाषाण
स्केलचा, म्हणजे आरओच्या मेम्ब्रेनवर (पाणी गाळणाऱ्या पडद्यावर) बसणाऱ्या क्षारांच्या थराचा, विषय निघाला की चर्चा लगेच "कोणतं केमिकल चांगलं" यावर येऊन अडकते. माझ्या मते केमिकल दुय्यम आहे. रिजेक्टच्या (क्षार घेऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या) नळीतून ताशी किती लिटर पाणी जातं, यावर मेम्ब्रेनचं आयुष्य ठरतं. म्हणून हा धागा गणितापासून सुरू करतो.

उदाहरणाला गावातला नेहमीचा प्लांट घेऊ: ताशी १००० लिटर शुद्ध पाणी, ४०४० मापाचे (४ इंच व्यास, ४० इंच लांबी) चार मेम्ब्रेन, बोअरचं पाणी. रिपोर्ट असा धरा: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) १४००, एकूण जडपणा ६२०, त्यातला कॅल्शियमचा ४००, अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, ३८० (हे तिन्ही आकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात), क्लोराइड ३८०, सल्फेट १६०, सिलिका ४५, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर. पीएच ७.६, तापमान २८ अंश. सोलापूर, अहिल्यानगर, बीडकडे असं पाणी नवलाचं नाही. आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात जडपणा २०० पर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा.

आता रिकव्हरी. २००० लिटर घेऊन १००० शुद्ध काढलं की रिकव्हरी ५० टक्के. क्षार जवळपास सगळे मागे राहतात, म्हणजे रिजेक्टमध्ये ते दुप्पट होतात. ६० टक्क्यांना अडीचपट, ७५ टक्क्यांना चौपट, ८० टक्क्यांना पाचपट. सूत्र सोपं आहे: १ भागिले (१ वजा रिकव्हरी). पन्नासावरून साठावर जाताना अर्धा पट वाढते, पण सत्तरावरून ऐंशीवर जाताना सव्वातीनाचे एकदम पाच होतात. रिजेक्टचा व्हॉल्व्ह तेवढाच आवळलेला असतो, मेम्ब्रेनवर मात्र आभाळ कोसळतं.

आणि ही चौपट-पाचपट सगळीकडे सारखी नसते. पाणी पहिल्या मेम्ब्रेनमध्ये शिरतं तेव्हा पातळ असतं, पुढे जाईल तसं घट्ट होतं. सगळ्यात घट्ट पाणी शेवटच्या मेम्ब्रेनच्या शेवटच्या फूटभरात असतं. तिथेही पडद्याला अगदी चिकटून वाहणारं पाणी मधल्या धारेपेक्षा १० ते २० टक्के जास्त घट्ट. स्केलची पहिली खपली तिथे धरते.

---

मीटरवाली
छान सुरुवात. यात लँगेलियर निर्देशांक, म्हणजे एलएसआय, घातला की चित्र पूर्ण होतं. पाणी कॅल्शियम कार्बोनेट विरघळवणार की साचवणार, हे तो आकडा सांगतो. शून्याच्या वर गेला की साचवणार.

तुमच्याच रिपोर्टवर करून पाहिलं. बोअरचं पाणी आहे तसं: अधिक ०.८. म्हणजे घरातल्या बादलीला, गिझरच्या कॉइलला पांढरा थर देणारं पाणी. ५० टक्के रिकव्हरीला रिजेक्टचा एलएसआय अधिक १.७. ६० टक्क्यांना २.०. ७५ टक्क्यांना २.६. नुसता जडपणा आणि अल्कलिनिटी वाढल्यामुळे हे होत नाही. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पडद्यातून आरपार जातो आणि बायकार्बोनेट मागे राहतं, त्यामुळे रिजेक्टचा पीएचही चढतो: दुप्पट घट्ट झालं की साधारण ०.३ ने, चौपटीला ०.६ ने. हा पीएच लोक हिशोबात धरत नाहीत आणि एलएसआय कमी काढतात.

नेहमीचं फॉस्फोनेटवालं अँटीस्केलंट (स्केल धरू न देणारं केमिकल) योग्य प्रमाणात असेल तर १.८ पर्यंत मी निर्धास्त असते. त्यापुढे उत्पादकाकडून त्याच पाण्याच्या रिपोर्टवर केलेला लेखी हिशोब मागा.

दुसरा धोका सिलिकाचा. आपल्या काळ्या पाषाणातल्या पाण्यात ती असतेच. २५ अंशांना आणि साधारण उदासीन पीएचला ती १२० च्या आसपास गेली की धोका सुरू. ४५ ची दुप्पट ९०, अडीचपट ११२, चौपट १८०. म्हणजे ७५ टक्क्यांना कार्बोनेट केमिकलने आवरलं तरी सिलिका धरणार. कार्बोनेट ऍसिडने सुटतं. सिलिका एकदा काचेसारखी बसली की सहसा सुटत नाही.

जिप्समची (कॅल्शियम सल्फेटची) भीती या पाण्यात नाही, सल्फेट कमी आहे. आणि यवतमाळ, चंद्रपूरकडे जिथे फ्लोराइडमुळेच आरओ बसवलाय, तिथे रिपोर्टमध्ये फ्लोराइडचा आकडा न विसरता बघा. रिजेक्टमध्ये कॅल्शियम आणि फ्लोराइड दोन्ही वाढून कॅल्शियम फ्लोराइड बसतं.

---

खारंपाणी
ताई, पण आमच्याकडे प्लांट देणारे छातीठोक सांगतात की अँटीस्केलंट टाकलं की ७५ टक्के रिकव्हरी मिळते. शिवाय राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ६० टक्क्यांवर पाणी वाचवायला सांगितलं होतं. उन्हाळ्यात बोअर आटत असताना निम्मं पाणी गटारात सोडायचं हे ग्रामसभेत कसं पटवायचं?

---

काळापाषाण
दादा, पाण्याची कळकळ अगदी बरोबर आहे. पण रिकव्हरी पाणी बघून ठरते. टीडीएस ७००, जडपणा २५० असलेल्या पाण्याला ७० टक्के सहज झेपतात. या धाग्यातल्या पाण्याला मी ५०, फार तर ५५ म्हणेन.

ग्रामसभेत असं मांडा: रिजेक्ट टाकून द्यायचं नाही, पण ते मेम्ब्रेनमध्ये परत दामटायचंही नाही. २८०० टीडीएसचं ते पाणी शाळेच्या-ग्रामपंचायतीच्या संडासाला, गाड्या आणि फरश्या धुवायला चालतं. त्यासाठी वेगळी टाकी आणि वेगळ्या रंगाची पाइपलाइन करा. झाडांना रोज घालू नका, क्षार साचून काळी जमीन खारवट होते.

आणि एप्रिल-मेमध्ये बोअर खोल गेला की त्याच पाण्याचा टीडीएस चढतो. पावसाळ्यानंतरच्या रिपोर्टवर लावलेला व्हॉल्व्ह उन्हाळ्यात तसाच ठेवणं ही स्केलला दिलेली सुपारी आहे. वर्षातून दोन रिपोर्ट हवेत: एक ऑक्टोबरात, एक एप्रिलच्या शेवटी.

---

स्क्रूपाना
गणित झालं, आता पाइपकडे बघू. गावच्या प्लांटमध्ये सगळ्यात महागात पडणारी चूक तिथे असते.

चार हाउसिंग, प्रत्येकात एक मेम्ब्रेन, आणि चारही एका हेडरवर (मुख्य पाइपवर) समांतर जोडलेले. दिसायला देखणं. पण २००० लिटर चार जागी वाटले की प्रत्येकाला ५०० मिळतात, त्यातले २५० शुद्ध होऊन निघतात आणि २५० रिजेक्टला जातात. एका ४०४० मेम्ब्रेनमधून रिजेक्टच्या बाजूने ताशी किमान ७०० ते ९०० लिटर वाहायला हवं, नाहीतर पडद्यावरचा घट्ट थर धुतला जात नाही. एका मेम्ब्रेनने आपल्याला मिळालेल्या पाण्यातलं १५ टक्क्यांच्या आसपासच काढावं. इथे ५० टक्के काढतोय. असा प्लांट कोणतंही केमिकल वाचवू शकत नाही.

तेच चार एकापाठोपाठ जोडा. पहिल्याला २०००, दुसऱ्याला १७५०, तिसऱ्याला १५००, चौथ्याला १२५०, आणि शेवटी रिजेक्ट १०००. चौथा अजून थोडा ताणात आहे, २० टक्क्यांवर. म्हणून रिजेक्टमधलं ५०० लिटर हाय प्रेशर पंपाच्या सक्शनला (पाणी ओढणाऱ्या तोंडाला) परत आणा. आता पहिल्याला २५००, चौथ्याला १७५०, आणि चौथ्याची रिकव्हरी १४ टक्क्यांवर येते.

हा फेरा समजून घ्या, कारण इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. परत फिरवलेलं पाणी वेग वाढवण्यासाठी आहे. गटाराकडे जाणारं १००० लिटर कायम ठेवलं तर रिजेक्टचा घट्टपणा दुप्पटच राहतो. पण ऑपरेटरने फेऱ्याचा व्हॉल्व्ह उघडताना गटाराकडचा आवळला, तर रिकव्हरी गुपचूप ७० वर जाते. म्हणून रोटामीटर (प्रवाह दाखवणारे मीटर) तीन हवेत: शुद्ध पाण्याला, गटाराकडच्या रिजेक्टला आणि फेऱ्याला. दोनच असतील तर आपण आंधळेपणाने प्लांट चालवतोय.

आणखी एक. चार मेम्ब्रेनचं क्षेत्रफळ सुमारे ३१-३२ चौरस मीटर. त्यातून ताशी १००० लिटर काढणं म्हणजे चौरस मीटरला ३१-३२ लिटर. बोअरच्या पाण्याला २२ ते २९ बरं. पाचवा मेम्ब्रेन टाकला की २५ वर येतं, आणि प्रत्येकावरचा ताण उतरतो. नवीन प्लांट घेणाऱ्यांनी हे निविदेतच लिहून घ्यावं.

---

पाणवठा
उत्तम माहिती. डोसिंगबद्दल नेमकं सांगाल का? आमचा पंप ६ लिटर प्रति तासाचा आहे, टाकी ५० लिटरची. ऑपरेटर "दोन झाकणं" टाकतो.

---

मीटरवाली
झाकणाचं माप आजच बंद करा.

मात्रा फीडवर मोजायची, शुद्ध पाण्यावर नाही. आणि फीड म्हणजे बोअरकडून नव्याने येणारं २००० लिटर, फेऱ्याचं पाणी धरायचं नाही, त्यात केमिकल आधीच आहे. उत्पादकाने ४ मिलिग्रॅम प्रति लिटर सांगितलं असेल तर ताशी ८ ग्रॅम. आठ तास प्लांट चालला तर दिवसाला ६४ ग्रॅम.

द्रावण अडीच टक्क्यांचं करा: १५ लिटर शुद्ध आरओ पाण्यात ३७५ ग्रॅम अँटीस्केलंट. वजन काट्यावर करा, हे द्रव पाण्यापेक्षा जड असतं, मिलिलिटर म्हणजे ग्रॅम नाही. ताशी ३२० मिलिलिटर जायला हवं. ५० लिटरची टाकी भरून ठेवू नका. पातळ केलेलं द्रावण आठवड्याभरात संपलं पाहिजे, नाहीतर त्यात बुळबुळीत जंतूंची वाढ होते आणि ती थेट मेम्ब्रेनवर जाते. बोअरच्या पाण्यात तर कालवूच नका, टाकीतच गढूळ होतं.

पंपाचा आकडा स्ट्रोकवर बघा. ६ लिटरचा पंप मिनिटाला १८० स्ट्रोक मारत असेल तर एका स्ट्रोकला अर्ध्या मिलिलिटरहून जरा जास्त, ०.५५. म्हणजे ३२० मिलिलिटरला मिनिटाला दहाच्या आसपास स्ट्रोक. पण डायलवर विश्वास ठेवायचा नाही. सक्शनची नळी १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात सोडा, प्लांट नेहमीच्या दाबावर चालू ठेवा आणि दहा मिनिटं घड्याळ लावा. पातळी ५३ मिलिलिटरने उतरली पाहिजे. ४० च उतरली तर फूट व्हॉल्व्हमध्ये (नळीच्या बुडाच्या व्हॉल्व्हमध्ये) कचरा आहे किंवा नळीत हवेचा बुडबुडा आहे. पारदर्शक नळी उजेडात धरली की बुडबुडा मण्यासारखा मागे-पुढे हलताना दिसतो: स्ट्रोकचा टकटक आवाज येतोय, पण केमिकल जागचं हललेलं नाही. हे महिन्यातून एकदा तपासा, आणि पंप उघडला की त्याच दिवशी.

जास्त टाकलं तर जास्त चांगलं, असं नाही. जादा फॉस्फोनेट कॅल्शियमबरोबर स्वतःच साचतं आणि जंतूंना खाद्य होतं.

---

स्क्रूपाना
यात जोड देतो. डोसिंगचा सांधा कार्बन फिल्टरच्या नंतर आणि ५ मायक्रॉन कार्ट्रिजच्या आधी घ्या. कार्ट्रिजच्या भांड्यात केमिकल नीट मिसळतं. आधी टाकीत तुरटी फिरवत असाल किंवा पॉलिमर वापरत असाल तर सावध राहा. बरीच पॉलिमर अँटीस्केलंटशी जुळून चिकट डिंकासारखा गोळा करतात आणि तो पहिल्या मेम्ब्रेनवर बसतो. लोह असलेलं पाणीही अँटीस्केलंट खाऊन टाकतं, म्हणून लोह आधी काढा. दोन कंपन्यांची केमिकलं एका टाकीत मिसळू नका. जुनं संपवा, टाकी धुवा, मग नवं.

आणि डोसिंग पंप हाय प्रेशर पंपाच्या काँटॅक्टरवरच (चालू-बंद करणाऱ्या स्विचवरच) जोडा. डोसिंग टाकीत लेव्हल स्विच टाका, जो केमिकल संपलं की प्लांट बंद पाडेल. ऑपरेटर चिडेल, पण मेम्ब्रेन वाचतील.

---

खारंपाणी
केमिकलची कटकटच नको, जडपणा काढणारा सॉफ्टनर लावला तर?

---

काळापाषाण
लहान सोसायटीत, हॉटेलात चालेल. या प्लांटला हिशोब बघा. आठ तासात १६,००० लिटर फीड, लिटरला ६२० मिलिग्रॅम जडपणा. रोज जवळपास १० किलो कॅल्शियम कार्बोनेटएवढा जडपणा काढायचा. सॉफ्टनरमधलं एक लिटर रेझिन (जडपणा धरून ठेवणारे दाणे) साधारण ५० ग्रॅम धरतं. म्हणजे २०० लिटर रेझिन, आणि ते रोज मिठाने धुवायचं. लिटरला १५० ग्रॅम धरलं तर रोज ३० किलो मीठ. त्यापुढे ६४ ग्रॅम अँटीस्केलंट ठेवा. शिवाय ते खारं धुवण कुठे सोडणार? ओढ्यात सोडलं तर खालच्या विहिरींचं वाटोळं.

ऍसिडने पीएच उतरवण्याचा मार्ग मोठ्या, चोवीस तास माणूस असलेल्या प्लांटचा आहे. गावात गंधकाम्लाचा कॅन ठेवू नये. त्यातून सल्फेट वाढून जिप्समची भीती येते ती वेगळीच. सिलिकावर तर ऍसिडचा उपयोगच नाही.

चुंबकाच्या पट्ट्या आणि तारा गुंडाळणारी यंत्रं याबद्दल इथे खूप विचारणा होते. त्यांच्या भरवशावर डोसिंग बंद करू नका.

---

पाणवठा
स्केल बसतंय हे लवकर कसं ओळखायचं? शुद्ध पाण्याचा टीडीएस वाढला की समजतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो ना?

---

मीटरवाली
हो, टीडीएस मीटर सगळ्यात शेवटी बोलतो. त्याआधी ओळखण्याची एक खात्रीची पद्धत आहे. साधं टायट्रेशन किट पुरतं.

फीड आणि रिजेक्ट, दोन्हीचं क्लोराइड आणि कॅल्शियमचा जडपणा मोजा. क्लोराइड कुठेही साचत नाही, म्हणून ते पाणी खरोखर किती पट घट्ट झालं ते सांगतं. समजा क्लोराइड फीडमध्ये ३८० आणि रिजेक्टमध्ये ७४५ आलं. म्हणजे १.९६ पट. मग कॅल्शियम ४०० गुणिले १.९६, म्हणजे ७८४ यायला हवं. आलं ७३५. बाकीचे ४९ मिलिग्रॅम कुठे गेले? मेम्ब्रेनमध्ये राहिले. ताशी १००० लिटर रिजेक्ट, म्हणजे ताशी ४९ ग्रॅम, आठ तासात जवळपास ४०० ग्रॅम चुनखडी. तीन वेळा मोजून सरासरी घ्या. फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर मोजण्यातली चूक धरा, त्यावर गेला तर प्लांट थांबवून डोसिंग तपासा.

रिजेक्टचा नमुना घेतल्याबरोबर मोजा. बाटलीत तासभर ठेवला तर तिथेच साका धरतो आणि आकडा फसवा येतो.

---

स्क्रूपाना
वरची पद्धत लाखमोलाची. हाताने बघायचं असेल तर शेवटचा मेम्ब्रेन बाहेर काढा, उभा करून पाणी निथळू द्या आणि नव्याच्या शेजारी काट्यावर ठेवा. किलोभर जड भरला तर आत दगड आहे. रिजेक्टच्या तोंडाला जाळीच्या कडेवर बोट फिरवा, बारीक वाळूसारखं खरखरीत लागतं. ती पूड नखाने काढून तिच्यावर ऍसिडचा थेंब टाका. फसफसली तर कार्बोनेट, आणि तुम्ही वेळेत आलात. गप्प बसली तर सल्फेट किंवा सिलिका.

पहिला मेम्ब्रेन घाण आणि शेवटचा स्वच्छ असेल तर ते स्केल नाही. तो गाळ, लोह किंवा जंतू. तिथे ऍसिड ओतून काही होणार नाही.

---

काळापाषाण
थंडीतली एक चूक इथेच सांगतो. पाण्याचं तापमान एका अंशाने उतरलं की मेम्ब्रेनचं पाणी साधारण ३ टक्क्यांनी घटतं. मेमध्ये २८ अंशांना १००० देणारा प्लांट जानेवारीत २१ अंशांना ८०० देतो. मेम्ब्रेन ठणठणीत असतो. पण जारवाल्यांची रांग लागलेली असते, ऑपरेटर रिजेक्टचा व्हॉल्व्ह आवळून १००० पूर्ण करतो आणि मग खरोखरच स्केल बसवतो. रोजच्या वहीत फीड टीडीएस, शुद्ध टीडीएस, दोन्ही दाब आणि प्रवाहांच्या रकान्यांशेजारी तापमानाचा रकाना हवाच. तापमान धरून प्रवाह १० टक्क्यांनी घटला, किंवा मेम्ब्रेनच्या आधीच्या-नंतरच्या दाबातला फरक १५ टक्क्यांनी वाढला, की धुवायला घ्या. ३० टक्क्यांपर्यंत वाट पाहिली तर स्केल पक्कं होतं आणि आतले प्रवाहाचे मार्गच बंद होतात. केमिकल तिथे पोचतच नाही.

---

खारंपाणी
धुण्याची रीत पण लिहा म्हणजे धागा वाचून कोणीही करू शकेल.

---

स्क्रूपाना
लिहितो. चार ४०४० साठी ६० लिटर द्रावण पुरतं: मेम्ब्रेनला दहा-दहा लिटर आणि पाइपांचं वीस. शुद्ध आरओ पाण्यात १.२ किलो सायट्रिक ऍसिड, म्हणजे २ टक्के. पीएच २ ते ३ च्या मध्ये येतो. पाणी ३० अंशांच्या आसपास असावं, ३५ च्या वर नको.

हाय प्रेशर पंप बंद. वेगळा छोटा पंप, ताशी २००० लिटर, दाब २ ते ३ किलो. दाब कमी ठेवण्याचं कारण असं की शुद्ध पाणी निघायला लागलं तर सुटलेली घाण परत पडद्यावर दाबली जाते. आधी प्लांट शुद्ध पाण्याने धुवून घ्या. मग द्रावण सोडा, पहिलं १०-१२ लिटर गटारात जाऊ द्या, नंतर टाकीत फिरवा. शुद्ध पाण्याची नळीही त्याच टाकीत ठेवा. अर्धा तास फिरवा, तासभर भिजत ठेवा, पुन्हा अर्धा तास. पीएच मीटर हातात ठेवा: कार्बोनेट विरघळताना ऍसिड खर्ची पडतं आणि पीएच चढतो. पीएच ०.५ ने चढला की सायट्रिक वाढवा. चढायचा थांबला म्हणजे काम झालं. शेवटी शुद्ध पाण्याने स्वच्छ धुवा, आणि प्लांट चालू केल्यावर पहिल्या तासाचं शुद्ध पाणी जारमध्ये भरू नका.

बाजारातलं पिवळं हायड्रोक्लोरिक वापरू नका, त्यातलं लोह मेम्ब्रेनवर बसतं. गंधकाम्ल अजिबात नको, कॅल्शियमशी मिळून जिप्सम होतं. ब्लीचिंग पावडर किंवा हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) जवळपासही नको: ऍसिडबरोबर विषारी वायू निघतो आणि क्लोरीन मेम्ब्रेनचा पडदाच जाळतो. चष्मा, रबरी हातमोजे घाला, दारं उघडी ठेवा. वापरलेलं द्रावण चुन्याने पीएच ७ वर आणून मगच सोडा.

थर जंतूंचा आणि स्केलचा मिश्र असेल तर आधी अल्कली, मग ऍसिड. नुसतं कार्बोनेट असेल तर ऍसिड आधी.

---

पाणवठा
घरच्या आरओला यातलं काय लागू पडतं? घरी अँटीस्केलंटच्या गोळ्यांची नळकांडी आहे.

---

मीटरवाली
तत्त्व तेच, आकडे छोटे. ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलनचा) मेम्ब्रेन मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर शुद्ध पाणी देतो. रिजेक्टच्या नळीत एफआर नावाचा छोटा तुकडा असतो, त्यावर ३००, ४५० असा आकडा लिहिलेला असतो: मिनिटाला तेवढे मिलिलिटर. ४५० लावला तर रिकव्हरी ३० टक्के, ३०० लावला तर ४०. बोअरच्या पाण्याला ४५० च ठेवा.

घरातलं खरं दुखणं एफआरमध्ये असतं. त्याच्या केसाएवढ्या नळीत स्केल धरतं, रिजेक्ट घटतं, त्यामुळे पाणी आणखी घट्ट होतं, त्यामुळे आणखी स्केल. वरून शुद्ध पाणी उलट जास्त येताना दिसतं आणि घरचे खूश होतात. महिन्यातून एकदा रिजेक्टची नळी मापाच्या कपात मिनिटभर धरा. ४५० चे ३०० झाले तर एफआर बदला. मेम्ब्रेन बदलताना एफआर नवाच टाका, जुना ठेवला तर नवा मेम्ब्रेनही त्याच वाटेने जातो. रिजेक्टची नळी चिमटून "पाणी वाचवू" नका, बादलीत धरून फरशीला वापरा.

गोळ्यांची नळकांडी मदत करते, पण मात्रा आपल्या हातात नसते. मशीन रात्रभर बंद राहिलं की सकाळचं पहिलं पाणी जास्त घेऊन येतं, पुढचं कमी. गोळ्या निम्म्या झाल्या की बदला.

---

खारंपाणी
एक राहिलं. आमच्याकडे दिवसातून तीनदा लाइट जाते. प्लांट मध्येच बंद पडतो, त्याने काही होतं का?

---

काळापाषाण
खूप होतं, आणि हे वर यायला हवं होतं. अँटीस्केलंट क्षारांना कायमचं थोपवत नाही, खडे धरायला उशीर लावतं. प्लांट चालू असताना घट्ट पाणी काही सेकंदांत बाहेर पडतं, म्हणून तो उशीर पुरतो. लाइट गेली की तेच दुप्पट-अडीचपट घट्ट पाणी मेम्ब्रेनमध्ये तासन् तास उभं राहतं आणि निवांत खडे धरतं.

उपाय स्वस्त आहे. शुद्ध पाण्याची २०० लिटरची टाकी मेम्ब्रेनपासून पाच-सहा मीटर उंच, गच्चीवर. तिथून एक इंची पाइप फीडच्या बाजूला, कार्ट्रिजच्या पुढे आणि हाय प्रेशर पंपाच्या आधी. मध्ये नॉर्मली ओपन जातीचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), म्हणजे वीज असेल तर बंद आणि गेली की आपोआप उघडणारा. रिजेक्टच्या व्हॉल्व्हला समांतर तसाच दुसरा, म्हणजे आवळलेल्या व्हॉल्व्हमधून पाणी अडत नाही. लाइट गेली की दोन्ही उघडतात आणि टाकीतलं पाणी स्वतःच्या वजनाने मेम्ब्रेन धुवून गटारात जातं. चार मेम्ब्रेनच्या पोटात वीस-पंचवीस लिटर मावतं, शंभर लिटर गेलं की पुरे.

---

स्क्रूपाना
यात दोन गोष्टी विसरू नका. टाकीकडून येणाऱ्या पाइपवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर सोलेनॉइड गळला की कच्चं पाणी गच्चीवरच्या शुद्ध टाकीत चढतं. आणि साधा डायाफ्रामचा सोलेनॉइड घेऊ नका, त्याला उघडायला अर्धा किलो दाब लागतो, आणि पाच-सहा मीटर उंचीतून जेमतेम तेवढाच मिळतो. दुकानात "शून्य दाबावर चालणारा" असं सांगून मागा. बसवल्यावर भर दुपारी मेन स्विच पाडून बघा: गटारात धार लागली पाहिजे, आणि तिचा टीडीएस चार-पाच मिनिटांत २८०० वरून दोन-तीनशेच्या खाली उतरला पाहिजे. उतरला नाही तर पाइप बारीक पडलाय.